युरोपातल्या ५० बड्या कंपन्या, एकच इंडेक्स: युरो स्टॉक्स ५० समजून घेऊया



शेअर बाजाराची मालिका सुरू केल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, निफ्टी कळला, अमेरिकेचा एस अँड पी ५०० पण कळला. मग युरोपाचं काय? मर्सिडीज, सीमेन्स, लोरियाल, झारा, या कंपन्या तर आपण रोज बघतो. यांच्यात पैसे लावता येतात का?"

येतात. त्यातला सगळ्यात ओळखीचा रस्ता म्हणजे युरो स्टॉक्स ५० हा निर्देशांक. पण रस्ता आहे म्हणून लगेच निघायचं नसतं. आधी तो कुठे जातो, खड्डे कुठे आहेत आणि टोल किती लागतो, हे बघायचं. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, आकडे आहेत, पण सोपे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार नाही. हा लेख शिकण्यासाठी आहे. "हे घ्या, ते विका" असं मी सांगणार नाही.

इंडेक्स म्हणजे नेमकं काय?

इंडेक्स म्हणजे एक यादी आणि त्या यादीचा एक आकडा. बाजारातल्या ठरावीक कंपन्या घ्यायच्या, प्रत्येकीला तिच्या आकाराप्रमाणे वजन द्यायचं, आणि सगळ्यांची मिळून किंमत वर गेली की खाली आली, ते एका आकड्यात सांगायचं. निफ्टी ५० जसा भारतातल्या ५० मोठ्या कंपन्यांचा, तसा युरो स्टॉक्स ५० हा युरो चलन वापरणाऱ्या देशांतल्या ५० मोठ्या कंपन्यांचा.

हा निर्देशांक २६ फेब्रुवारी १९९८ रोजी सुरू झाला. तो चालवणारी कंपनी स्टॉक्स, स्वित्झर्लंडमधली, आणि ती जर्मनीच्या डॉइश बोर्से या शेअर बाजार समूहाची आहे. हिशोबाला सुरुवात धरली ३१ डिसेंबर १९९१ ची, आणि त्या दिवसाचा आकडा मानला १०००. म्हणजे आज तुम्हाला कुठे ५००० दिसलं, तर त्याचा अर्थ १९९१ च्या शेवटापासून त्या कंपन्यांच्या शेअरच्या किमती मिळून पाचपट झाल्या.

इंडेक्स स्वतः विकत घेता येत नाही, कारण ती नुसती यादी आहे. त्या यादीप्रमाणे शेअर घेऊन ठेवणारा फंड असतो, तो आपण घ्यायचा. शेअर बाजारात शेअरसारखा विकला जाणारा असा फंड म्हणजे ईटीएफ. युरोपात पहिले ईटीएफ एप्रिल २००० मध्ये जर्मनीत आले, आणि त्यातला एक याच निर्देशांकावर होता. ही एप्रिल २००० ची तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

यादीत कोण आहे, आणि कोण नाही?

गेल्या काही वर्षांत या यादीत सतत दिसणारी नावं बघा.

नेदरलँड्सची एएसएमएल: मोबाईल आणि संगणकातल्या चिप छापण्याची यंत्रं बनवते. सगळ्यात प्रगत चिपसाठी लागणारं यंत्र जगात ही एकच कंपनी बनवते.
जर्मनीच्या सॅप, सीमेन्स, अलायन्झ, मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन.
फ्रान्सच्या एलव्हीएमएच, एर्मेस, लोरियाल, श्नायडर इलेक्ट्रिक, टोटलएनर्जीज, सॅनोफी. विमानं बनवणारी एअरबसही.
स्पेनच्या सांतांदेर बँक, इबरड्रोला आणि इन्डिटेक्स, म्हणजे झारावाली.
इटलीच्या फेरारी, एनेल, एनी आणि दोन-तीन बँका.

फ्रान्स आणि जर्मनी मिळून यादीचा अर्ध्याहून जास्त भाग होतो. म्हणजे नावात "युरो" असलं तरी वजन या दोन देशांकडे झुकलेलं आहे.

आता कोण नाही ते बघा, कारण इथे बरेच जण फसतात. नेस्ले, रोश, नोव्हार्टिस नाहीत, कारण त्या स्विस आहेत आणि स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक. शेल, युनिलिव्हर, ॲस्ट्राझेनेका नाहीत, कारण त्या लंडनच्या. डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क नाही, कारण तिथे क्रोन चालतो. "मी संपूर्ण युरोपात पैसे लावले" असं म्हणायचं असेल, तर स्टॉक्स युरोप ६०० नावाचा वेगळा निर्देशांक आहे. त्यात १७ देशांतल्या ६०० कंपन्या आहेत, मोठ्या, मधल्या आणि लहान प्रत्येकी २००.

आणि बॉश? नाशिककरांचा हमखास प्रश्न! जर्मनीतली मूळ बॉश कंपनी शेअर बाजारात नोंदलेलीच नाही. त्यामुळे कंपनी कितीही मोठी असली तरी ती या यादीत येऊ शकत नाही. आपल्याकडे बाजारात दिसते ती तिची भारतीय कंपनी.

वजन कसं ठरतं?

समजा एका कंपनीच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत १०० आहे. त्यातले ६० मालकाच्या कुटुंबाकडे आहेत आणि ते विकायला काढलेलेच नाहीत. बाजारात प्रत्यक्ष फिरतात ते ४०. इंडेक्समध्ये वजन धरायचं ते या ४० वर. याला फ्री फ्लोट म्हणतात.

खरं उदाहरण एर्मेसचं. महागड्या हँडबॅगवाली ही कंपनी आकाराने प्रचंड आहे, पण साधारण दोन तृतीयांश मालकी संस्थापक कुटुंबाकडे आहे. त्यामुळे इंडेक्समधलं तिचं वजन तिच्या एकूण आकाराच्या मानाने बरंच कमी भरतं.

दुसरा नियम: कोणत्याही एका कंपनीचं वजन १० टक्क्यांवर धरलं जात नाही. दर तीन महिन्यांनी तपासतात, जास्त झालं असेल तर खाली आणतात. एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा करू नका, असं मी तुम्हाला नेहमी सांगतो. इंडेक्सवाल्यांनी हाच विचार नियमात बसवला आहे.

यादीत आत-बाहेर कसं होतं?

दर सप्टेंबरला यादीची मोठी तपासणी होते. आकाराने पहिल्या ४० मध्ये आलेल्या कंपन्या आत. उरलेल्या जागांसाठी ४१ ते ६० या क्रमांकांतल्या, आधीपासून यादीत असलेल्या कंपन्यांना पहिला मान. यामुळे थोडंसं वर-खाली झालं म्हणून दर वर्षी उगाच अदलाबदल होत नाही.

जर्मनीची सगळ्यात मोठी बँक, डॉइश बँक, २०१८ साली या यादीतून बाहेर गेली. तिचा आकार घसरत गेला होता. कुणी रागावलं नाही, कुणी मीटिंग घेतली नाही. नियमात बसत नाही, बाहेर. ज्यांच्याकडे इंडेक्सचा फंड होता त्यांच्यासाठी हा बदल फंडानेच केला.

पण बाहेर जाणं म्हणजे कंपनी वाईट, असंही नाही. औद्योगिक वायू बनवणारी लिंडे २०२३ च्या सुरुवातीला या यादीतून गेली. धंदा उत्तम चालू होता. कंपनीने जर्मनीच्या बाजारातली नोंदणी काढून फक्त न्यूयॉर्कला ठेवायचं ठरवलं, म्हणून नाव कटलं.

आणि आत असणं म्हणजे कंपनी चांगली, याचीही खात्री नाही. जर्मनीच्या डॅक्स या निर्देशांकात वायरकार्ड नावाची पेमेंट कंपनी सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि जून २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. हिशोबात दाखवलेले जवळपास १९० कोटी युरो अस्तित्वातच नव्हते! इंडेक्स आकार मोजतो. कंपनीच्या वह्या तपासणं हे त्याचं कामच नाही.

पंचवीस वर्षांची परीक्षा

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. "इंडेक्समध्ये टाका आणि विसरून जा, दीर्घकाळात फायदाच होतो" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. युरो स्टॉक्स ५० चे आकडे बघा आणि मग ठरवा.

मार्च २०००: निर्देशांक ५४६४ च्या आसपास बंद झाला. इंटरनेट आणि टेलिफोन कंपन्यांची हवा होती. नोकिया, डॉइश टेलिकॉम, फ्रान्स टेलिकॉम यांचं यादीत मोठं वजन होतं.
मार्च २००३: १८५० च्या आसपास. तीन वर्षांत दोन तृतीयांश गायब.
२००७: चढून ४५५० च्या वर. पण जुनं शिखर अजून दूर.
मार्च २००९: जागतिक मंदी, १८१० च्या आसपास. पुन्हा तळाला.
पुढे ग्रीस, स्पेन, इटलीच्या कर्जाचं संकट. बँकांचं वजन जास्त असल्यामुळे निर्देशांकाला चांगलाच मार बसला.
मार्च २०२०: कोरोना. महिन्याभरात एक तृतीयांशाहून जास्त घसरण.
फेब्रुवारी २०२५: ५४६४ ची पातळी शेवटी ओलांडली.

परत वाचा. मार्च २००० ते फेब्रुवारी २०२५. जवळजवळ पंचवीस वर्षं!

कुणी मार्च २००० मध्ये एक लाख लावले असते, तर २००९ च्या मार्चमध्ये किमतीप्रमाणे साधारण ३३ हजार दिसले असते. आणि इथलं गणित नीट समजून घ्या: ६७ टक्के खाली गेलेली रक्कम मूळ जागी यायला ६७ टक्के वाढून भागत नाही. ३३ चे १०० व्हायला तिप्पट व्हावं लागतं, म्हणजे सुमारे २०० टक्के वाढ. धंद्यातही असंच असतं. मोठा खड्डा पडला की तो भरून निघायला दुप्पट-तिप्पट कष्ट लागतात.

मघाशी एप्रिल २००० लक्षात ठेवायला सांगितलं होतं. सामान्य माणसाला या निर्देशांकात सहज पैसे लावता येतील असा ईटीएफ नेमका तेव्हा आला, शिखर होऊन गेल्यावर महिन्याभरात. गोष्ट सगळीकडे गाजायला लागली की बहुतेक वेळा ती महाग झालेली असते.

मग सगळ्यांचे पैसे बुडाले का?

नाही. दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण, लाभांश. वर जे आकडे दिले ते फक्त किमतीचे आहेत. बातम्यांत दिसणारा युरो स्टॉक्स ५० हा किंमत निर्देशांक आहे. कंपन्या दर वर्षी जो डिव्हिडंड देतात, तो त्यात धरलेला नसतो. या कंपन्या डिव्हिडंड बऱ्यापैकी देतात, ढोबळमानाने वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास. समजा किंमत पंचवीस वर्षं हललीच नाही, पण दर वर्षी ३ टक्के लाभांश मिळाला आणि तो परत त्यातच टाकला, तर एक लाखाचे दोन लाखांच्या थोडे वर होतात. म्हणजे लाभांश धरून हिशोब केला, तर जुनं शिखर २०२५ च्या कितीतरी आधी ओलांडलं गेलं होतं.

म्हणून तुलना करताना सावध राहा. जर्मनीचा डॅक्स बातम्यांत जो दिसतो, त्यात लाभांश आधीच मिळवलेला असतो. डॅक्स आणि युरो स्टॉक्स ५० शेजारी ठेवून "बघा, जर्मनी किती पुढे गेला" असं सांगणारे व्हिडिओ येतात. एकाच्या ताटात भाजी वाढलेली आहे, दुसऱ्याच्या ताटात वाढायची आहे, आणि आपण कोण जास्त जेवला ते ठरवतोय!

पंचवीस वर्षांत पैसे दुप्पट होणं हेही फार नाही, हे मान्य. महागाई धरली तर हातात थोडंच उरतं. पण बुडणं वेगळं आणि कमी मिळणं वेगळं.

दुसरं कारण, सगळे पैसे एकाच दिवशी लावणारे थोडेच असतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. फंडाच्या एका युनिटची किंमत चार वर्षांत अशी बदलली: ५०, २५, २०, ४०. तुम्ही दर वर्षी १००० टाकले.

पहिल्या वर्षी २० युनिट, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ५०, चौथ्या वर्षी २५. एकूण १३५ युनिट, टाकले ४०००. शेवटच्या ४० च्या भावाने किंमत ५४००.

दुसऱ्याने पहिल्याच दिवशी ४००० टाकले. त्याला मिळाले ८० युनिट. आजची किंमत ३२००.

बाजार तोच, फंड तोच. एक फायद्यात, एक तोट्यात. पण एक अट आहे, आणि ती कुणी सांगत नाही. भाव २५ आणि २० असताना पैसे टाकत राहण्याची ऐपत पाहिजे आणि छातीही. मंदीत तुमचा धंदाही मंद असतो. हप्ता नेमका तेव्हाच बंद पडतो. म्हणून हप्ता असा ठरवा, जो वाईट महिन्यातही निघेल.

रुपया आणि युरो

परदेशात पैसे लावले की दोन गोष्टी हलतात: शेअरचा भाव आणि चलनाचा भाव. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या तेव्हा एक युरो ४५ रुपयांच्या आसपास मिळत होता. २०२५ मध्ये तो १०० रुपयांच्या वर गेला. म्हणजे निव्वळ चलनामुळेच भारतीयाची रक्कम रुपयांत दुप्पट झाली.

पण हे दर वर्षी सरळ रेषेत होत नाही. समजा एका वर्षी इंडेक्स १० टक्के वाढला आणि युरो रुपयासमोर ५ टक्के पडला, तर तुमच्या हातात साडेचार टक्केच येतात. उलट युरो ५ टक्के वाढला, तर साडेपंधरा टक्के. चलन कधी साथ देतं, कधी पाय ओढतं.

अजून एक गोंधळ दूर करतो. अमेरिकेच्या बाजारातही युरो स्टॉक्स ५० चा ईटीएफ मिळतो. २००२ पासून आहे, वर्षाचा खर्च ०.२९ टक्के. त्याचा भाव डॉलरमध्ये दिसतो. पण आतल्या कंपन्या युरोतल्याच आहेत, त्यामुळे खरी जोखीम युरोची. भाव डॉलरमध्ये छापला म्हणून ती डॉलरची गुंतवणूक होत नाही.

भारतात राहून कसं करता येतं?

दोन रस्ते आहेत.

पहिला, भारतीय म्युच्युअल फंडाचा. युरोपात पैसे लावणाऱ्या काही योजना भारतात आहेत. रुपयांत पैसे भरायचे, बाकी फंड बघतो. अडचण अशी की सगळ्या भारतीय फंडांना मिळून परदेशात ७०० कोटी डॉलरची मर्यादा आहे. २०२२ च्या सुरुवातीला ती भरत आली, तेव्हा बऱ्याच योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं. त्यानंतर काही योजना मधूनमधून उघडतात, पुन्हा बंद होतात. म्हणून टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा: योजना आज पैसे घेते का, आणि ती खरोखर इंडेक्सप्रमाणे चालते की मॅनेजर स्वतः शेअर निवडतो. दोन्हींत चूक-बरोबर काही नाही, पण तुम्ही काय घेताय हे तुम्हाला माहीत पाहिजे.

दुसरा, थेट परदेशात खातं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. इथे धंदेवाल्यांनी हे लक्षात ठेवा:

एलआरएस फक्त व्यक्तीसाठी आहे. भागीदारी फर्म किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या खात्यातून असे पैसे पाठवता येत नाहीत. आधी नफा किंवा पगार स्वतःच्या खात्यात कायदेशीर घ्या, कर भरा, मग पुढचं.
एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वर गुंतवणुकीसाठी पैसे पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. १२ लाख पाठवले तर वरच्या २ लाखांवर ४० हजार. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना हिशोबात मिळतात. पण तोपर्यंत अडकतात, आणि अडकलेले ४० हजार म्हणजे छोट्या धंद्यासाठी एका चांगल्या ऑर्डरचा कच्चा माल.
दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर. त्याआधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे.
लाभांशावर भारतात स्लॅबप्रमाणे कर लागतो. परदेशात आधी कापलेल्या कराची वजावट मागता येते, पण त्यासाठी कागद जपून ठेवा.
आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो, शेड्यूल एफए. एक रुपयाचा फायदा झाला नसला तरी तो भरायचाच. तो लपवला किंवा चुकवला तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून इतर परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट आहे. पण माहिती भरण्यातून सूट नाही.
अमेरिकेत नोंदलेला ईटीएफ घेतला, तर मालकाच्या मृत्यूनंतर ६० हजार डॉलरच्या वरच्या अमेरिकी मालमत्तेवर तिथला वारसा कर लागू शकतो, ४० टक्क्यांपर्यंत. मोठी रक्कम असेल तर घरच्यांशी आणि सीएशी आधी बोला.

जर्मनी, नेदरलँड्समध्ये नोकरी करणारे आपले बरेच मराठी प्रेक्षक आहेत. तुमच्यासाठी हे खूप सोपं आहे. तिथल्या बँकेतून किंवा ब्रोकरकडून दर महिन्याला छोट्या रकमेने युरोतच ईटीएफ घेता येतो. पण कायमचे भारतात परत आलात की वरचे शेड्यूल एफएचे नियम तुम्हालाही लागू होऊ शकतात, हे विसरू नका.

"युरोप इंडेक्स ट्रेडिंग" वाल्यांपासून लांब राहा

टेलिग्रामवर, इन्स्टावर मेसेज येतात: "युरो ५० वर ट्रेड करा, १० हजारांत ५ लाखांची पोझिशन." हा आपण वर शिकलो तो प्रकारच नाही. इथे शेअर नाही, फंड नाही, नुसती भावावर पैज आहे, तीही उसन्या ताकदीवर. ५० पट पोझिशनमध्ये भाव २ टक्के उलटा गेला की तुमचं भांडवल शून्य. युरो स्टॉक्स ५० एका दिवसात २ टक्के हलणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

आणि कायद्याने बघा: परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी एलआरएसमधून पैसे पाठवायला परवानगीच नाही. परवानगी नसलेल्या फॉरेक्स ॲपची यादी रिझर्व्ह बँक आपल्या वेबसाइटवर ठेवते. कुठेही पैसे भरण्याआधी ती बघा. पण यादीत नाव नाही म्हणजे ॲप सुरक्षित, असा अर्थ काढू नका. आणि यूपीआयवर कुणा खासगी माणसाच्या नावाने पैसे मागितले, की तिथेच थांबा.

उद्योजकाने आधी काय करायचं?

आता आपल्या कामाचं बोलू. तुमचा फॅब्रिकेशनचा छोटा वर्कशॉप आहे, मसाल्याचा धंदा आहे, किंवा अजून सुरू व्हायचाय. हातात दोन लाख आहेत. युरोपात लावायचे का?

माझा क्रम असा आहे.

एक: महागडं कर्ज. कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज भरत असाल, तर ते फेडलं की १२ टक्के पक्के वाचले. युरोपातल्या ५० कंपन्या मिळूनही तुम्हाला पक्के १२ टक्के देऊ शकत नाहीत.

दोन: धंद्याचा आणि घराचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला. धंदेवाल्यांचे पैसे उधारीत अडकतात. मोठ्या कंपनीने बिल ९० दिवस लटकवलं, तर पगार कुठून देणार? निर्देशांक ६० टक्के खाली असताना युनिट विकून पगार द्यायची वेळ येऊ नये. मार्च २००९ मध्ये ज्यांना नाइलाजाने विकावं लागलं, त्यांचा तोटा कायमचा झाला. ज्यांना थांबता आलं, त्यांचा नाही.

तीन: आरोग्य आणि मुदत विमा.

चार: धंद्यात गुंतवणूक, जिथे तुम्हाला परतावा मोजता येतो. एका मशीनने महिन्याला किती वाचतं, हे तुम्ही कागदावर मांडू शकता.

पाच: यानंतर उरलेले, दहा वर्षं लागणार नाहीत असे पैसे. त्यातला मोठा हिस्सा आधी आपल्याच बाजारात, आणि मग थोडा भाग परदेशात.

आता चाकणच्या मंडळींसाठी खास मुद्दा. फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने चाकणला आहेत, लोरियालचाही आहे. श्नायडर नाशिकला, सीमेन्स कळव्याला. तुम्ही यांच्यापैकी कुणाला पार्ट पुरवत असाल, पॅकिंग देत असाल, बस चालवत असाल, तर युरोपातली मंदी तुमच्या ऑर्डर बुकवर आधीच येते. त्याच कंपन्यांच्या इंडेक्समध्ये बचतही टाकली, तर ऑर्डर आणि बचत एकाच वेळी खाली जाऊ शकतात. अशा माणसाने बचत दुसरीकडे पसरवलेली बरी. उलट ज्याचा सगळा धंदा गावातल्या गिऱ्हाइकांवर आहे, त्याला परदेशाचा छोटा हिस्सा खरा आधार देऊ शकतो. एकच फंड एकाला विमा आणि दुसऱ्याला दुप्पट जोखीम ठरतो, तो असा.

या ५० कडून शिकण्यासारखं

पैसे लावा किंवा नका लावू, ही यादी वाचण्यासारखी आहे. एएसएमएल १९८४ मध्ये फिलिप्सच्या इमारतीशेजारच्या गळक्या शेडमध्ये सुरू झाली. इन्डिटेक्सच्या अमान्सिओ ओर्तेगांनी १९६३ मध्ये घरात घालायचे गाऊन शिवून सुरुवात केली. झाराचं पहिलं दुकान निघालं १९७५ मध्ये. लोरियाल १९०९ ची, एका केमिस्टने केसांचा रंग बनवून पॅरिसच्या सलूनवाल्यांना विकला. सॅप १९७२ मध्ये पाच जणांनी नोकरी सोडून उभी केली.

यातून "तुम्हीही अब्जाधीश व्हाल" असं मी म्हणणार नाही, कारण त्याच वर्षी सुरू होऊन बंद पडलेल्या हजारोंची यादी कुणी छापत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे: सुरुवात एका वस्तूने आणि ठरलेल्या गिऱ्हाइकाने झाली.

या आठवड्याचा गृहपाठ

वही काढा आणि तीन उत्तरं लिहा. तुमच्या कर्जावर नेमका किती टक्के व्याज जातं? आज विक्री बंद पडली तर धंदा आणि घर किती महिने चालेल? आणि तुमच्या उत्पन्नातला किती हिस्सा एकाच गिऱ्हाइकाकडून किंवा एकाच देशातल्या कंपन्यांकडून येतो?

ही तीन उत्तरं लिहिलीत की युरो स्टॉक्स ५० तुमच्यासाठी आहे की नाही, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. उत्तरं खाली कमेंटमध्ये टाका, नाव-गाव नको, फक्त आकडे. त्यातले काही घेऊन पुढच्या व्हिडिओत हिशोब मांडू.

तोपर्यंत, धंदा सांभाळा, उधारी वसूल करा, आणि समजल्याशिवाय कुठेही सही करू नका. भेटूया!